हिमालय, बहुमताने मंजूर

एव्हरेस्टच्या बेस कँपवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. मधे त्या पर्वताचाच एक दांडगा खांदा येतो. शिखर बघायचं तर शेजारच्या काला पत्थर नावाच्या टेकाडावर, साडेपाच हजार मीटरांवर, पहाटेच्या काळोखात धापा टाकत चढायचं. ही माहिती मी आमच्या ग्रुपच्या बैठकीत दिली, तेव्हा शिखर मीच कुठेतरी दडवून ठेवल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“मग तिथे बघायचं काय?” खजिनदारांनी विचारलं.

“खुंबूचा हिमप्रपात. दगड. आणि मोसमात दुसऱ्यांचे तंबू.”

“दुसऱ्यांचे तंबू बघायला एवढे पैसे?”

“बघायचं कशाला? फोटो काढायचा,” आमचा लीडर म्हणाला. “मागे नाव दिसलं की झालं.”

पुण्यातल्या ट्रेकर माणसाची चाल ठरलेली असते. आधी दर रविवारी सिंहगड, तोही पिठलं-भाकरीच्या ओढीने. मग राजगड-तोरणा एका दमात. मग कळसूबाई. कळसूबाई १६४६ मीटर, आणि त्याच्या वर जायला महाराष्ट्रात जागाच नाही. इथून पुढे माणूस एकतर गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातो, नाहीतर हिमालयात. आमच्याकडे डॉक्टर ग्रुपमध्येच होते, त्यामुळे हिमालय उरला.

त्यातही भारतातला हिमालय पहिल्या अर्ध्या तासातच निकालात निघाला. केदारकांठा सगळ्यांच्या मुलांनी करून झाला होता, आणि मुलांनी केलेला ट्रेक आईबापांनी करायचा नाही असा अलिखित नियम आहे. तिथला बापाचा वेळ मुलाच्या वेळाशी ताडून बघितला जातो. रूपकुंडाचं नाव निघालं, पण वाटेतल्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, मुक्काम करायला उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदी घातली, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. संदकफूला तर थेट वरपर्यंत लँड रोव्हर जाते. “गाडी जाते तिथे आपण चालत जायचं, यात काय पराक्रम?” लीडर म्हणाला. हे वाक्य खजिनदारांनी वहीत लिहून घेतलं. ते सगळंच लिहून घेतात.

राहिला नेपाळ. तिथे तीन पक्ष पडले.

एव्हरेस्ट पक्षाचा नेता अर्थातच लीडर. त्याचा मुद्दा एकच, नाव. लग्नात, मुंजीत, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, कुठेही “एव्हरेस्टला जाऊन आलो” म्हटलं की समोरचा गप्प होतो. पुढचा ‘बेस कँप’ हा भाग हळू आवाजात उच्चारायचा असतो. “अन्नपूर्णेला जाऊन आलो म्हटलं तर आपल्याकडे लोक विचारतील, थाळी केवढ्याला होती.”

यावर अन्नपूर्णा बेस कँपच्या नेत्या वहिनी उसळल्या. अन्नपूर्णा ८०९१ मीटर आहे. आठ हजार मीटरांवरचं माणसाने चढलेलं ते पहिलंच शिखर. मॉरिस हेरझॉग आणि लुई लाशनाल ३ जून १९५० रोजी तिथे पोचले, म्हणजे तेनझिंग-हिलरींच्या तीन वर्षं आधी. शिवाय इथल्या बेस कँपवरून पर्वत दिसतो, चारी बाजूंनी दिसतो, आणि तेही ४१३० मीटरांवरून, जिथे माणसाला अजून जेवण जातं. वाटेत माच्छापुच्छ्रे. ६९९३ मीटरांचं हे शिखर पवित्र मानलेलं, त्यामुळे त्यावर चढाईला परवानगीच मिळत नाही. १९५७ मध्ये एक ब्रिटिश तुकडी माथ्याच्या अगदी जवळ जाऊन परत फिरली. “बघा, एवढ्या जवळ जाऊनसुद्धा परत फिरले. आपल्याकडे कुणी फिरला असता?” वहिनींनी विचारलं. कुणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांची नजर लीडरकडे गेली होती.

वहिनींची बाजू भक्कम होती. घात केला जिन्यांनी. छोमरोंग गावातून दगडी पायऱ्यांची रांग नदीपर्यंत उतरते आणि पलीकडे तितक्याच पायऱ्या चढून यावं लागतं. परतीची वाट तीच, म्हणजे हा कार्यक्रम दोनदा. खजिनदार आपल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट बंद असली की बहिणीकडे मुक्कामाला जातात. त्यांनी हात वर केला आणि विरोध नोंदवला.

तिसरा पक्ष म्हणजे एकटे डॉक्टर. त्यांना अन्नपूर्णा सर्किट हवं होतं: सगळ्या पर्वतरांगेला घातलेली प्रदक्षिणा. खाली भातखाचरं, मग पाइनची रानं, मग वारा आणि माती, आणि थोरोंग ला ही खिंड ओलांडली की पलीकडे जवळजवळ वाळवंट. गेलेल्या वाटेने परत यायचं नाही. शिवाय उंची हळूहळू वाढत जाते. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरांहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे तिथेच काढावी, हा नियम या वाटेवर न भांडता पाळता येतो. नाहीतर डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि त्यानंतर होतं ते डॉक्टरांनी इतक्या तपशिलात सांगितलं की वहिनींनी आणलेल्या बटाटेवड्यांना कुणी हात लावेना.

“पण सर्किटमध्ये आता रस्ता झालाय,” लीडर म्हणाला. खरं होतं. एका बाजूने जीप मनांगपर्यंत चढते, दुसऱ्या बाजूने मुक्तिनाथपर्यंत. जुने लोक सांगतात की सर्किट संपलं. माझं मत असं की जुने लोक सगळ्याच बाबतीत हे सांगतात. रस्त्याच्या वरच्या अंगाने पायवाटा काढल्यात, आणि मनांगच्या पुढे खिंडीपर्यंत अजून पायच चालतात.

बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. निर्णय शेवटी पर्वताच्या गुणावगुणांवर झालाच नाही. डॉक्टरांनी सहज आकडे वाचले: एव्हरेस्ट बेस कँप ५३६४ मीटर, थोरोंग ला ५४१६. लीडर उठून बसला. “म्हणजे बावन्न मीटर जास्त?” त्या बावन्न मीटरांनी एव्हरेस्ट पक्ष फुटला. “एव्हरेस्ट बेस कँपच्याही वर जाऊन आलो,” हे वाक्य त्याने तिथेच दोनदा म्हणून पाहिलं. खजिनदार फुटले एव्हरेस्टसाठी जिथे उतरावं लागतं त्या लुकल्याच्या विमानतळामुळे. तिथली धावपट्टी ५२७ मीटरांची, तीही चढणीवर, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. गर्दीच्या मोसमात विमान काठमांडूहून सुटतही नाही, मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीने रामेछापला जावं लागतं, आणि ढग आले की तिकीट हातात धरून बसायचं. “म्हणजे आधी जागरणाचे पैसे, मग भीतीचे,” ते म्हणाले. आणि वहिनींना कळलं की सर्किटच्या शेवटी मुक्तिनाथ येतं. मुक्तिनाथ म्हटल्यावर सासूबाईंनी घर सांभाळायला होकार दिला असता. एव्हरेस्टसाठी कधीच दिला नसता. डॉक्टर जिंकले, पण त्यांचा एकही मुद्दा कुणी मान्य केला नव्हता, हे त्यांना शेवटपर्यंत खुपत राहिलं.

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, मात्र विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्ड बाकी सगळीकडे चालतं म्हणून इथेही चालेल, असं धरून चालणारा एक तरी माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आमच्यातला धावत घरी जाऊन आला. काठमांडूत उतरल्यावर घड्याळं पंधरा मिनिटं पुढे करावी लागली. वेळेवर आल्याचा दावा करणारे सगळे लीडरच्या हिशेबाने अचानक उशिरा आले. परवान्याच्या खिडकीवर मात्र खजिनदार प्रथमच खुलले. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना सार्कच्या नागरिकांना एक हजार नेपाळी रुपये, बाकीच्या परदेशी मंडळींना तीन हजार. शिवाय नेपाळी रुपये, म्हणजे एक पूर्णांक सहा दशांशने भागायचे. रांगेतल्या युरोपियन जोडप्याकडे त्यांनी इतक्या सहानुभूतीने पाहिलं की ते बिचारे आपल्या पासपोर्टात काही चूक आहे का ते तपासायला लागले.

बेसीसहरपासून पुढे जीप, मग चालणं. चालण्याबद्दल सांगण्यासारखं एकच: आमचे गाइडदाजू रोज सकाळी म्हणायचे, “आज सपाट आहे.” नेपाळी सपाट म्हणजे जरा वर, जरा खाली. दुपारी हिशेब केला की तो जरा वर-जरा खाली सिंहगडाएवढा भरायचा. दुसरा त्यांचा शब्द “बिस्तारै”, सावकाश. लीडर सोडून सगळ्यांनी तो मनापासून पाळला.

जेवण डाळ-भात. चोवीस तासांची ताकद देणारा डाळ-भात, असं तिथल्या टीशर्टांवर छापलेलं असतं, आणि ते मला पटतं. कारण डाळ-भात एकदा घेतला की हवा तितका वाढतात. नूडल्स, पिझ्झा यांना ती सोय नाही. लॉजवरच्या दिदी भाताचं पातेलं घेऊन आल्या की खजिनदार ताटावरून हात कधीच आडवा धरत नसत. चहाचं मात्र उलट. उंची वाढते तशी किंमत वाढते, कारण साखर, गॅस, दूध सगळं कुणाच्या तरी पाठीवरून किंवा खेचरावरून येतं. मोबाइल चार्ज करायला पैसे, गरम पाण्याला पैसे. चामेपर्यंत खजिनदार प्रत्येक आकडा एक पूर्णांक सहाने भागत होते. पिसांगला त्यांनी भागणं सोडलं. मनांगला वही बॅगेच्या तळाशी गेली.

मनांग साडेतीन हजार मीटरांवर. इथे थांबून शरीराला उंचीची सवय करायची असते, म्हणजे शरीर आराम करतं आणि माणूस बेकरीत बसतो. सफरचंदाचा पाय खात खात समोर गंगापूर्णेची हिमनदी बघायची, हा माझ्या मते सगळ्या सर्किटमधला सर्वोत्तम पराक्रम. दुपारी हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात उंचीच्या आजारांवर व्याख्यान असतं. मोसमात हे रोज चालतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नेमकं तेच सांगितलं जे आमचे डॉक्टर पुण्यापासून सांगत होते: पाचशे मीटर, विश्रांती, त्रास झाला की खाली उतरा. सगळ्यांनी माना डोलावल्या, टिपा घेतल्या. लीडरने बाहेर येऊन आमच्या डॉक्टरांना समजावून सांगितलं, “बघा, असं सांगायचं असतं.”

विनोद एवढाच पुरे, कारण पुढची खिंड थट्टेची नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिच्या परिसरात अवेळी हिमवादळ आलं आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यात ट्रेकर होते, गाइड होते, भारवाहक होते. त्यामुळे आदल्या रात्री गाइडदाजू आभाळ बघून आले, तेव्हा पहिल्यांदाच कुणी त्यांच्याशी वाद घातला नाही.

थोरोंग फेदीहून पहाटे निघतात, कारण उन्हं वर आली की खिंडीत वारा सुटतो. डोक्याला टॉर्च बांधलेल्या माणसांची रांग, आणि पुढच्याच्या टाचेपलीकडे काही दिसत नाही. या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्याच्या मानाने जवळपास निम्मीच. लीडर वीस पावलं चालून थांबायचा आणि निसर्ग बघायचा. अंधारात कुठला निसर्ग, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारायलाही श्वास लागतो. वहिनी मात्र बिस्तारै, बिस्तारै करत सगळ्यांच्या पुढे गेल्या. माथ्यावर पताका आहेत, अभिनंदनाची पाटी आहे, आणि ५४१६ मीटरांवर चहाचं दुकान आहे. खजिनदारांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि किंमत न विचारता पैसे दिले. डॉक्टरांनी ताबडतोब त्यांची नाडी बघितली.

मग उतार. एका दिवसात सोळाशे मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून थेट समुद्रात, आणि तेही घसरत्या मुरमाडावरून. गुडघ्यांनी प्रत्येक मीटरला स्वतंत्र निषेध नोंदवला. दुपारी खाली मुक्तिनाथची झाडं दिसली, मंदिराचं छप्पर दिसलं, आणि वाऱ्यावरून ऐकू आलं, “अहो, इकडे या, इथे ऊन आहे!”

आवारात मराठी यात्रेकरूंचा मोठा जथा होता. स्वेटरवर साडी, साडीवर शाल, कानटोप्या, आणि पायांत चक्क चपला. पोखऱ्याहून जोमसोम, जोमसोमहून जीपने इथवर. हिंदू आणि बौद्ध दोघांचंही हे देवस्थान, मागे गोमुखांतून एकशे आठ धारा पडतात, पाणी बर्फाचं. साठी ओलांडलेल्या काकू त्या सगळ्या धारांखालून एका दमात पळत गेल्या आणि पदर पिळत बाहेर आल्या. लीडरने तीन धारांखाली डोकं घातलं आणि तीर्थ म्हणून एवढं पुरे झालं असं जाहीर केलं.

एका आजींनी त्याला डिंकाचा लाडू दिला. “कुठून आलास रे बाळा?”

“आजी, ती वर खिंड दिसते ना, तिथून. चालत. एव्हरेस्ट बेस कँपपेक्षा बावन्न मीटर उंच आहे.”

आजींनी वर बघितलं, मग त्याच्या बुटांकडे बघितलं. “चालत? तिकीट नाही मिळालं का?”

त्यांच्या यात्रेच्या मॅनेजरांनी हे ऐकलं. जोमसोमला परत जाणाऱ्या जीपमध्ये एक जागा रिकामी आहे, ज्याचे पाय फार दुखत असतील त्याने बसावं, असं ते म्हणाले. खजिनदारांनी बॅगेच्या तळातून वही काढली आणि संदकफूच्या वेळचं लीडरचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून होईपर्यंत लीडर पुढच्या सीटवर, आजींच्या शेजारी, दुसरा लाडू घेऊन बसला होता.