ज्ञानेंद्रादित्यराजे, जेवायला ये!

"वैनी, ओ वैनी! सकाळपासनं घरात दंगा चाललाय. बारशाची तयारी काय?"

"तयारी झाली अक्का, नावच ठरंना. सून माहेरी गडहिंग्लजला बाळंत झाली, आता बाळाला घेऊन आलीय. परवा बारसं. घुगऱ्यांचे हरभरे आणले, कुंदा सांगून ठेवला. खरं पोरगा हटून बसलाय, नाव ज्ञानेंद्रादित्यराजे!"

"काय, काय? परत सांगा की."

"ज्ञा-नें-द्रा-दि-त्य-रा-जे."

"अगं बाई! आत्यानं कुर्र करून कानात ते सांगेस्तोवर पोर झोपून जाईल की! आणि हिंडलग्याच्या गल्लीत तिन्हीसांजेला हाक कशी मारायची?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणतो, एका वर्गात चार आरव नि पाच वेदांत निघतात, ह्याच्यासारखा दुसरा निघायला नको. वर मोबाईलवर त्या पिकासोचं नाव दाखवतो. बाप्तिस्म्याचं नाव डझनावर शब्दांचं म्हणे."

"होय, खरं चित्राखाली सही काय करायचा? नुसतं पिकासो. आपल्याकडं तरी काय वेगळं? एकसंब्यात जन्मलेले गुरुनाथ आबाजी कुलकर्णी वाचकांचे जी. ए. झाले. बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते ते पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, त्यांना सगळे पु. ल. म्हणतात. तुमचे ज्ञानेंद्रादित्यराजे पहिलीत जायच्या आधी ग्यानू झाले नाहीत तर मला सांगा."

"म्हणजे लांब नाव ठेवूच नये म्हणता?"

"तसं नव्हं. धारवाडच्या बेंद्र्यांचं बघा. घरात मराठी, कविता कन्नडात, 1973 चं ज्ञानपीठ मिळवलं. लोक टोपणनाव आखूड घेतात, ह्यांनी घेतलं अंबिकातनयदत्त. आईचं नावच त्यात गुंफलं. लांब आहे, खरं शोभतं. पण ते कवितेपुरतं हो. तुमच्या नातवाला जन्मभर फॉर्म भरायचेत."

"आईच्या नावावरनं आठवलं. बाळ महाराष्ट्रात जन्मलं न्हवं? तिकडं 1 मे 2024 पासनं जन्मलेल्या पोरांच्या सरकारी कागदावर आधी पोराचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव."

"चांगलंच केलं की! नऊ महिने तिनं वागवायचं नि कागदावर फक्त बापानं मिरवायचं, असं किती दिवस चालायचं? खरं मोजा की आता, सात अक्षरं पोराची, त्याच्या मागं आई, बाप नि आडनाव. फॉर्मातले चौकोन संपतील, नाव संपायचं नाही. आणि खरी गंमत पुढंच हाय. तो ज्ञ."

"त्याला काय झालं?"

"तिकडचा कारकून इंग्रजीत लिहिताना डी-एन-वाय घालणार, इकडचा कन्नड वळणानं जे-एन. पोर एक, कागदावर दोन! माझ्या भाच्याचं हेच झालं. नाव साधं ज्ञानेश. शाळेत एक स्पेलिंग, कोल्हापूरला कॉलेजात दुसरं. नोकरी लागायच्या वेळी प्रतिज्ञापत्र करा, पेपरात जाहिरात द्या, गॅझेटात छापून आणा. पायातल्या चपला झिजल्या त्याच्या बापाच्या."

"बेळगावचं सुद्धा 2014 साली कागदोपत्री बेळगावी झालं की."

"गावाचं सरकार बघून घेतं, आपलं आपल्यालाच निस्तरावं लागतं. आणि 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना तर शाळा, लायसन, मतदार यादी, आधार, सगळीकडं हाच जन्मदाखला. त्यावर पडेल ते स्पेलिंग कायमचं. दाखला काढला काय?"

"जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत केली. नावाची जागा कोरीच हाय. म्हणून तर घाई चाललीय."

"मग घाई कशाला? वर्षाच्या आत नाव घातलं तर फी लागत नाही. त्यापुढं पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, विलंब फी भरून. बरं, सुनेला कुणी विचारलं काय?"

"तिला नुसतं आदित्य पाहिजे."

"बघा! त्या आगगाडीच्या मधल्या डब्यात तुमचं नाव बसलंच हाय. रात्री उठून दूध पाजणारीनं निवडलंय, तेच दाखल्यावर घाला. ज्ञानेंद्र नि राजे बारशाला आत्याला कानात सांगू द्या, हौस पण फिटेल."

"पोरगा ऐकायला पाहिजे न्हवं."

"त्याला म्हणावं, आठ दिवस दारात उभा राहून पूर्ण नावानं हाक मार. दम लागला नाही तर ठेव खुशाल. आणि वैनी, एक सांगून ठेवतो, आदित्यला पण इकडं काहीजण इंग्रजीत टी-एच घालतात. म्हणून आधी एका कागदावर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत लिहा, दोघा आईबापांनी वाचून सही करा, मगच गडहिंग्लजला द्या. नाव केवढं का असंना, कागदावर एकदाच नि एकसारखं पडायला पाहिजे."