कारतलबखानाच्या वाटेने

मनुष्याने आयुष्यात उंची गाठावी, असा उपदेश मी शाळकरी वयापासून ऐकत आलो होतो; परंतु ती उंची फुटांत मोजावयाची असते, हे मला लग्नानंतर कळले. सरकारी कचेरीत 33 वर्षे चाकरी करून मी गतवर्षी अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालो, आणि या प्रदीर्घ कारकिर्दीतील माझे सर्वोच्च आरोहण म्हणजे दप्तरखान्यातील सात पायऱ्यांची लाकडी शिडी; तीही शिपायाने दोन्ही हातांनी धरलेली. याउलट आमच्या सौभाग्यवती शाळेत भूमिती शिकवतात, गेली सहा वर्षे एका गिर्यारोहण मंडळात जातात, आणि ज्या वयात त्यांच्या मैत्रिणी गुडघ्यांविषयी बोलू लागल्या, त्या वयात त्यांनी आपले गुडघे वापरावयास काढले.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर माझ्याकडून मुचलका लिहून घेतला : ‘शनिवार व रविवार हे दोन दिवस मंडळाच्या नागफणी मोहिमेत विनातक्रार सामील होईन, व सांगितलेले ऐकेन.’ दस्तऐवज वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी जन्मभर इतरांना बजावले; हा दस्तऐवज तर माझ्याच हस्ताक्षरात होता, म्हणून मी तो वाचला नाही.

नागफणी म्हणजे खंडाळ्यानजीक कुरवंडे गावाच्या वर, कोकणाच्या दिशेने पुढे झुकलेला कातळाचा सुळका. आपल्या लोकांना त्यात नागाची फणा दिसली. इंग्रजांना ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले, म्हणून त्यांनी त्यास ‘ड्यूक्स नोज’ म्हटले. हा ड्यूक, त्या वेळी ड्यूक नसताना, 1803 साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला होता, आणि पराभूतांच्या मुलखात विजेत्याने आपले नाक खुपसावे, ही रीत जुनीच आहे. मला स्वतःला मात्र फणाही दिसली नाही आणि नाकही दिसले नाही, कारण बहुतेक वेळ मी त्या नाकाच्या शेंड्यावर होतो, आणि नाकावर बसलेल्या माशीला चेहरा दिसत नाही.

या वाटेचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो मला मनापासून आवडतो, कारण त्यात एका मोठ्या माणसाची फजिती आहे. 1661 साली पुण्यात तळ देऊन बसलेल्या शाहिस्तेखानाने कारतलबखान नावाच्या सरदारास कोकणात पाठवले. खान लोणावळ्याच्या बाजूने येऊन कुरवंडे घाटाने खाली उतरू लागला, आणि उंबरखिंडीच्या गर्द रानात शिवाजी महाराजांनी त्यास असे कोंडले, की पुढे वाट नाही, मागे वाट नाही आणि प्यावयास पाणी नाही. त्याच्या फौजेत रायबागन नावाची माहूरची एक शूर आणि शहाणी स्त्री होती. तिने खानास त्याच्या अकलेविषयी जे ऐकवले, ते कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त नोंदलेले आहे, शरण जा, हा तिच्या बोलण्याचा इत्यर्थ. खानाने ऐकले, खंडणी दिली, आणि तो जिवंत सुटला. बायकोने ही हकिकत मला पुण्याहून निघालेल्या लोकलमध्ये सांगितली. तिचा हेतू तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

शनिवार सुरळीत गेला. कुरवंड्याहून आम्ही चढलो. माथ्यावर महादेवाचे लहानसे देऊळ आहे, खाली दरी आहे, दरीत द्रुतगती मार्ग आहे, आणि सायंकाळी सूर्य रीतसर मावळला. दुपारी एका बुटक्या कातळावर नवशिक्यांचा सराव झाला. दोन हात व दोन पाय या चार आधारांपैकी तीन नेहमी कातळावर रुजू असावेत आणि एकाच वेळी एकच हलवावा, असा प्रस्तरारोहणाचा मूलभूत कायदा आहे. मी चारही आधार कायम ठेवून शिवाय पोट व हनुवटी हे दोन आधार स्वखुशीने जोडले, त्यामुळे माझी सुरक्षितता दीडपट झाली आणि प्रगती शून्य. हा आमचा सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्ह्याचा झालेला आहे. इतका काळ जो जागचा हलला नाही, त्याच्यावर मीच का हलावे, असा माझा युक्तिवाद होता. तो कोणी नोंदवून घेतला नाही.

रात्री एका ओसरीवर पिठले-भाकरी खाऊन झोपलो, आणि पहाटे उठतो तो कमरेत उसण भरलेली. तेव्हा मी माझा बाटलीच्या रंगाचा हिरवा मफलर कमरेभोवती आवळून बांधला आणि वर जाकीट चढवले. हा मफलर लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, माझी बदली आडगावी तालुक्याला झाली असता, बायकोने पुण्यात बसून विणला आणि टपालाने पाठवला होता. सोबत चिठ्ठी नव्हती. त्या काळी आम्ही दोघेही एकमेकांना भारी बिचकत असू.

रविवारी माथ्यावरून दोराने उतरावयाचे होते. प्रारंभी मंडळाच्या तरुण शिक्षकाने सूचना दिल्या : केस बांधा, ओढण्या काढा, अंगावर लोंबतं काही ठेवू नका. नियमात मफलरचा नामोल्लेख नव्हता. ज्याचा उल्लेख नाही त्यास मनाई नाही, हा अर्थ लावण्यात माझी 33 वर्षे गेली होती. तो मी मनातल्या मनात लावला, आणि गप्प राहिलो.

उतरण्याचे यंत्र मोठे साधे असते. कमरेच्या पट्ट्याला, बरोबर नाभीसमोर, इंग्रजी आठाच्या आकाराची एक धातूची कडी अडकवतात आणि दोर तिच्यातून वळवून घेतात. त्या वळणांतल्या घर्षणावर माणसाचा सगळा भार तोलला जातो. हाताने दोर सैल सोडला की माणूस खाली सरकतो, आवळला की थांबतो. शिवाय सुरक्षेचा दुसरा दोर वरच्या माणसाच्या हाती असतो. अट एकच : दरीकडे पाठ करून, पाय कातळाला लावून, निःशंकपणे मागे रेलावयाचे.

“काका, बसा! खुर्चीत बसल्यासारखे बसा,” शिक्षक म्हणाला.

33 वर्षे जो केवळ खुर्चीत बसला, त्यास बसता येऊ नये! माझे पाय सरळ होईनात, ढोपरे कातळाला लागली, आणि कड्याच्या काठावरून भूमितीच्या बाईंचा वर्गातला आवाज आला, “अहो, काटकोन! पायांचा कातळाशी काटकोन! लघुकोन नको!”

काटकोन कसाबसा साधला. दहा-पंधरा फूट उतरलो, पन्नास उतरलो, आणि काय सांगावे, मला ते आवडू लागले. आता चिरंजीवांना तारेने कळवावे, तारखाते बंद झाले असले तरी, असा विचार मनात येतो न येतो तोच काहीतरी कचकन अडले. खाली पाहिले. जाकिटाखालून निसटलेले मफलरचे टोक गोंड्यांसह त्या आठाच्या पोटात शिरले होते. मला खाली जाता येईना. वर जाणे तर माझ्या अधिकारक्षेत्राबाहेरच होते. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, आणि पाण्याची बाटली वर राहिलेली.

“काय झालं, काका?” वरून पृच्छा झाली.

“किंचित प्रशासकीय अडचण आहे,” मी म्हणालो.

यानंतर मी त्या ठिकाणी 47 मिनिटे होतो. हा आकडा बायकोच्या घड्याळाचा आहे. माझ्या हिशेबाने तो एक पंचवार्षिक काळ होता. दोराला सुरी किंवा कात्री लावावयाची नाही, कारण भार पडून ताणलेला दोर नुसत्या पात्याच्या स्पर्शानेही तुटतो, हे मला वरून सांगण्यात आले. ते त्यांनी स्वतःपाशी ठेवले असते तरी चालले असते. पाय सतत हलवत राहावयाचे, कारण पट्ट्यात निश्चल लोंबकळले की रक्त पायांत साचू लागते, हेही सांगण्यात आले. सबब मी त्या कड्यावर, अधांतरी, सायकल चालवू लागलो.

नाक कातळापासून वीतभर अंतरावर. समोर एका कपारीत बोटभर गवत, त्यात एक कोळी आपल्या दोरावरून सहज खालीवर करीत होता. आणि त्या गवताच्या खाली, जिथे कोणाचा पाय पोहोचत नाही अशा अरुंद धारेवर, प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांचा खच. मी मोजल्या, मला दुसरे काम नव्हते. 31 भरल्या. माथ्यावर देवाच्या दारात उभे राहून, पाणी पिऊन, रिकामी बाटली दरीत भिरकावणाऱ्यांना ती ‘खाली गेली’ असे वाटत असावे. ती खाली जात नाही. ती अशा धारेवर अडकते आणि तिथेच राहते. आणि साडेसहा कोटी वर्षांच्या कातळावर आपण लिहून ठेवलेला मजकूर तेवढाच असतो. त्या क्षणी मला उसण, भीती आणि नामुष्की यांहून अधिक संताप आला, आणि तो अद्याप उतरलेला नाही.

इतक्यात शेजारच्या दोरावरून बायको उतरत आली. घाई नाही, आणि काटकोन अचूक. माझ्या बरोबरीला येऊन तिने मफलरकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी कबुलीजबाबाची जुळवाजुळव करू लागलो.

“बोलत राहा,” ती म्हणाली. “काहीही बोला. थांबू नका.”

संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकले. जन्मभर तिने मला याच्या नेमके उलट सांगितलेले. मी बोलू लागलो, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आले, की तिची बोटे थरथरत आहेत, आणि आम्हा दोघांत अधिक घाबरलेली व्यक्ती मी नाही.

तिने माझ्या दोराला, आठाच्या वर, एका बारीक दोरीची गाठ मारली. प्रूसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 साली प्रसिद्ध केलेली ही गाठ भार पडला की दोराला घट्ट धरते आणि भार काढला की सरकते. तिला एक रिकीब टांगून तिने माझा पाय त्यात घातला. “उभे राहा.” मी राहिलो. तिने माझा पट्टा त्या गाठीला अडकवला, आठावरचा भार सुटला, तरी दुमडून दुमडून आत गेलेला मफलर ओढून निघेना. तेव्हा तिने माझ्या कमरेवरचे दुसरे टोक सोडले, क्षणभर चाचपले, शेवटचा टाका शोधून उकलला, आणि विणकाम उसवावयास आरंभ केला.

ओळीमागून ओळ उसवत होती, आणि माझी बायको, पाय कातळाला लावून, दरीवर अधांतरी, लोकरीचा गुंडा करीत होती. एक धागा तिने वाऱ्यावर जाऊ दिला नाही. बाटल्या तिनेही पाहिल्या होत्या. मध्येच तिचा हात थांबला.

“इथे एक टाका गळलेला होता. मला पार्सल बांधताना दिसला. पण टपालाची वेळ झाली होती.”

मला ते भोक ठाऊक होते. एकेका हिवाळ्यात, कचेरीत बसल्या बसल्या, माझे बोट नेमके तिथे जाऊन बसे. हे मी तिला कधी सांगितले नव्हते. तेव्हाही सांगितले नाही. वरून शिक्षक विचारत होता, काका ठीक आहेत का.

उरलेला चिंधीएवढा तुकडा अलगद निघाला. पुन्हा रिकिबीत उभा राहिलो, पुन्हा आठावर बसलो, गाठ सुटली, आणि उरलेले अंतर मी इतक्या शिस्तीत उतरलो, की खालच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकूंसाठी वाजवल्या, असे नंतर कळले.

उंबरखिंडीत खान आपले सामान टाकून गेला. मला त्याच घाटाच्या माथ्यावर त्याच उपायाने, म्हणजे बाईचे ऐकून, सुटका मिळाली, आणि माझी खंडणी तर परतही आली; तो गुंडा पाठपिशवीत घालून तिनेच घरी आणला. खानापेक्षा माझी अवस्था एवढ्यापुरती बरी म्हणावी लागेल.

त्या लोकरीची आता कानटोपी झाली आहे. तिला गोंडा नाही, बंद नाही, कोठेही लोंबते टोक नाही. आणि वीजबिलाच्या पाठीवरील मुचलक्यात ‘मफलर’ हा शब्द मी स्वहस्ते वाढवून दिला आहे.