झोपलेल्यांचा अभ्यास

तुळजापुरात मुलीनं सूक्ष्मजीवशास्त्रात एमेस्सी करायला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला : "म्हणजे डॉक्टर व्हायलीस का?" नाही म्हटलं की दुसरा : "मग बँकेची परीक्षा देशील ना?" एस.टी.नं रोज धाराशिवला जाऊन येणाऱ्या माझ्या भाचीनं दोन्हींची उत्तरं द्यायचं सोडून दिलंय. तिची आजी घरी उतरलेल्या यात्रेकरूंना परस्पर सांगून टाकते, "पोरगी जंतू पाळायलीय."

व्याख्या काही वाईट नाही. जंतूंना खायला मीडिया द्यायचा, उबेला ३७ अंशांचा इन्क्युबेटर. (मे महिन्यात आमच्याकडची हवाच त्याहून गरम, ते सोडा.) ई. कोलाय खुशीत असला तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, पण नुसत्या डोळ्यांना वसाहत दिसायला रात्र काढावी लागते. म्हणजे अर्धी एमेस्सी वाट बघण्यात जाते, आणि रविवार असला तरी प्लेट बघायला कुणीतरी जावंच लागतं.

आजीला या शास्त्रातली एकच व्यक्ती पटली : फॅनी हेसे. तिचा नवरा रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जिलेटिनवर जंतू वाढवायचा. उन्हाळ्यात ते वितळायचं, शिवाय काही जंतू तेच खाऊन पातळ करायचे. १८८१ साली या बाईनं आपल्या स्वयंपाकघरातला अगर सुचवला. आजही प्रत्येक प्लेटमध्ये तोच असतो. प्लेटला नाव मात्र पेट्रीचं. "असंच असतंय," आजी म्हणाली.

खरी गंमत बॅसिलसची. दिवस वाईट आले की हा गडी जाड कवचात बीजाणू होऊन झोपी जातो. साधं उकळणं त्याला पुरत नाही, हे फर्डिनांड कोननं १८७६ मध्ये दाखवलं. म्हणून ऑटोक्लेव्ह : १२१ अंश, पंधरा मिनिटं. भाची हे समजावू लागली तेव्हा आजीला नवल वाटलं नाही. आमच्या गावात प्रत्यक्ष देवी वर्षातून तीनदा निजते. घटस्थापनेआधी घोर निद्रा, सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रा, शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. श्रमनिद्रेचा पलंग तर पार नगरकडून येतो. निजलेलं म्हणजे संपलेलं नव्हे, हे इथं शाळेत जायच्या आधीच कळतं.

भाचीला हुरूप आला. तिनं टिंडलची १८७७ सालची युक्ती सांगितली : आज उकळायचं, रात्रभर कोमट ठेवायचं, म्हणजे झोपलेले जागे होतात, उद्या पुन्हा उकळायचं, परवा पुन्हा.

आजीचा हात भाकरीवरच थांबला. "झोपेतून उठवायचं आणि मारायचं? हे कसलं शिक्षण?"

"नाही मारलं तर सगळ्या प्लेटवर तेच उगवतंय, आजी."

"उगवू दे की."

"आणि बाहेरून आलेले परीक्षक?"

"त्यांना जेवायला घेऊन ये."