फटफटीचा पंचनामा

कन्हान नदीच्या काठी 1821 साली इंग्रजांनी जी छावणी वसवली, आणि जिच्यात पुढे दीर्घकाळ मद्रासी पलटणींचा मुक्काम होता, त्या कामठी नगरीत जुन्या वस्तूंच्या संबंधाने दोन प्रकारची माणसे आढळतात: एक, त्या मोडीत घालणारी, आणि दुसरी, त्या मोडीतून विकत आणणारी. पहिल्या प्रकाराविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण तो वर्ग व्यवहारी, अल्पसंतुष्ट आणि रात्री वेळेवर झोपणारा असतो. दुसऱ्या वर्गात घड्याळे, ग्रामोफोन आणि पितळी कंदील जमवणारे अनेक उपपंथ आहेत. पण त्या सर्वांचा मुकुटमणी शोभावा असा जो पुरुष, तो म्हणजे जुन्या विलायती फटफटीचा जीर्णोद्धारक.

हा गृहस्थ बहुधा पाटबंधारे खात्यातून, रेल्वेतून अथवा अंबाझरीच्या आयुधनिर्माणीतून सन्मानाने सेवानिवृत्त झालेला असतो, आणि सेवाकाळात स्वतःच्या स्कूटरचे चाक त्याने कधी स्वहस्ते उघडले होते असा आरोप त्याचा शत्रूही करणार नाही. परंतु निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, कोणाच्या तरी वाड्याच्या मागल्या पडवीत, कडब्याखाली अर्धवट गाडली गेलेली आणि जिच्या टाकीवर कोंबड्यांनी वंशपरंपरागत वहिवाट सिद्ध केली आहे अशी ती त्याला दिसते, आणि त्या क्षणी त्याच्या ठायी जी वृत्ती उत्पन्न होते तिला प्रेम म्हणणे अपुरे होईल. ती वारसाहक्काची भावना असते. टाकीवरचा गंज नखाने खरवडून तो एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचे चिन्ह शोधतो, आणि ते सापडताच मालकाच्या समक्ष, किंमत दुप्पट होईल इतक्या मोठ्याने, ‘‘बी.एस.ए.!’’ असा उद्गार काढतो.

मग जो कोणी त्याच्या उंबऱ्यावर येईल, मग तो दूध घालणारा गवळी का असेना, त्याला तिची कुलकथा ऐकल्यावाचून सुटका नसते. बर्मिंगहॅमच्या बंदूक घडवणाऱ्या कारागिरांनी 1861 साली कंपनी कशी काढली, 1910 साली त्याच कंपनीने मोटरसायकल कशी बाजारात आणली, आणि दुसऱ्या महायुद्धात एम-20 या एकाच जातीच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या लष्कराला कशा पुरवल्या, हे तो जणू नामकरणविधीला स्वतः हजर असल्यासारखे सांगतो. चारशे शहाण्णव सी.सी.चे एकच सिलिंडर, तेरा अश्वशक्ती, पुढे गर्डर फोर्क, आणि मागल्या चाकाला स्प्रिंग म्हणून काहीही नाही. जे काही आहे ते आसनाखाली आणि बसणाराच्या मणक्यांत. त्या तेरा घोड्यांपैकी आज एकही आपल्या पायांवर उभा नाही, ही गोष्ट गवळ्याच्या लक्षात येते. पण बिल थकलेले असल्यामुळे तो बोलत नाही.

जीर्णोद्धाराचा आरंभ गाडी खोलण्याने होतो, आणि माझ्या मते त्याचा मध्य आणि अंतही तेथेच आहे. हे काम करणारा मिस्त्री कामठीत सहज मिळतो. तो येतो, उकिडवा बसतो, फटफटीकडे एकवार पाहतो आणि म्हणतो, ‘‘खोलून तर मी सांजच्यापर्यंत देतो साहेब, पण बसवून कोण देईन जी?’’ हा प्रश्न वास्तविक उपनिषदांच्या तोलाचा आहे. परंतु आमचा गृहस्थ त्याच्या उत्तरार्धाने नव्हे, तर पूर्वार्धाने दुखावला जातो. एका संध्याकाळी उरकणारे काम हा त्याच्या लेखी अधर्म होय. मिस्त्रीला चहा देऊन निरोप दिला जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानोत्तर पंचनाम्यास सुरुवात होते.

पंचनामा हा शब्द मी अतिशयोक्तीने वापरीत नाही. प्रथम चारी दिशांनी छायाचित्रे घेतली जातात. मग दोनशेपानी वहीत, समास आखून, ‘‘टाकी, डाव्या अंगास पोचा, पोच्याचे कारण अज्ञात’’ अशा तपशिलाने एकेक मुद्देमाल दाखल होतो. टाकी, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, हेड, सिलिंडर या क्रमाने गाडी उतरत जाते, आणि प्रत्येक नट, बोल्ट आणि वायसर रॉकेलमध्ये धुऊन, कागदी चिठ्ठी लावून श्रीखंडाच्या डब्यात बंद होतो. पिस्टन हाती येतो त्या दिवशी घरात गोड करण्याचा आग्रह होतो. सरकारी दफ्तरात ज्याने तीस वर्षे दुसऱ्यांच्या मिसली हलवल्या, त्याच्या हाती प्रथमच स्वतःची अशी एक मिसल आलेली असते, जिच्यावर कोणाही वरिष्ठाचा शेरा पडणार नाही आणि जी निकालात काढण्याची कोणतीही मुदत नाही.

या कार्यात पहिले विघ्न उभे राहते ते पान्यांचे. शेजाऱ्याकडून आणलेले मिलिमीटरी पाने या विलायती बाईच्या एकाही नटाला धड बसत नाहीत. सतरा नंबरचा अडतो आणि एकोणीस नंबरचा घसरतो. कारण सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली आट्यांचे जे प्रमाण बांधून दिले त्यात आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा, तर त्याच गाडीवरचे सायकली जातीचे आटे साठ अंशांचे, इंचाला सव्वीस. त्यातही व्हिटवर्थच्या पान्यावर जो आकडा कोरलेला असतो तो पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. म्हणजे ज्यावर अर्धा इंच लिहिले आहे त्याचे तोंड पाऊण इंचाहून अधिक रुंद निघते. हे सांगताना आमच्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर ब्रह्मज्ञान्याचे तेज येते. सामान्य मनुष्य म्हणेल की ही इंग्रजांची अव्यवस्था झाली. जीर्णोद्धारक म्हणतो की ही संस्कृती आहे. पाने नागपूरच्या जुन्या बाजारात शोधण्यात एक हिवाळा सुखाने जातो.

दुसरे प्रकरण मॅग्डायनोचे. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो आणि दिवा पेटवणारा डायनमो असे जे जुळे लुकास कंपनीने एकत्र बांधले, त्यातील मॅग्नेटोच्या गुंडाळीवर त्या काळी लाखेचा लेप असे, आणि जुनी लाख उष्णतेने मऊ होऊन तारांबरोबर सगळे यंत्र चिकटवून टाकते. वैशाखात कामठीचा पारा पंचेचाळीस अंशांवर चढला की बंद खोलीत ठेवलेल्या विलायती मॅग्नेटोची काय गत होत असेल, हे वेगळे सांगायला नको. यात मौज अशी, की साऱ्या जगाला लाख पुरवणारा देश त्या काळी आपलाच होता, आणि छोटा नागपूरप्रमाणे आपल्या मध्यप्रांतातील पळसांवर आणि कुसुंबांवरही ती पिकत असे. तेव्हा आपल्या जंगलातील लाख बर्मिंगहॅमला गेली, तारेवर चढली, लष्कराबरोबर परत आली आणि माहेरच्या उन्हात विरघळली, असे अनुमान करण्यास जागा आहे. आमच्या गृहस्थाला हे अनुमान सांगितले असता तो गहिवरला आणि त्याने ते वहीत ‘‘लाख, बहुधा स्थानिक’’ असे नोंदवून घेतले.

घरातील मंडळींचे मत कोणी विचारीत नाही, तरी ते उपलब्ध असते. क्रँककेसमधले बेअरिंग ठोकून काढणे हे पातक आहे. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून केस तापवली की बेअरिंग आपोआप गळून पडते. हे शास्त्र निर्दोष आहे, पण नातवाच्या वाढदिवसाचा केक ज्या ओव्हनमध्ये व्हायचा त्यातच ते सिद्ध केले गेल्यामुळे केकला जो वास आला त्याची चर्चा रामटेकच्या सोयऱ्यांपर्यंत पोहोचली. त्याच न्यायाने, नवे बेअरिंग आकुंचन पावून घट्ट बसावे म्हणून ते फ्रीजरमध्ये ठेवलेले असते. ते बसवण्याचा दिवस अद्याप उगवलेला नाही. परंतु बेअरिंग तयार आहे आणि बर्फाच्या ट्रेला जागा नाही. ‘‘अहो, पाहुणे येऊन राहिले, तो सांगाडा तरी झाका,’’ अशी आज्ञा होताच तो दिवाणखान्यातील फ्रेमवर चादर घालतो, आणि पाहुणे आजारी माणसाची चौकशी करावी तशा खालच्या आवाजात विचारतात, ‘‘कधीपर्यंत सुरू होते जी?’’

या प्रश्नाला उत्तर नसते असे नव्हे. ते कागदपत्रांकडे वळवले जाते. गाडीबरोबर आलेल्या जीर्ण नोंदणीपुस्तकावर एकामागून एक चार राज्यांचा अंमल चालून गेलेला असतो. ती आली तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी होते. 1950 साली तेच मध्यप्रदेशाचे झाले, 1956 साली ते मुंबई राज्यात गेले आणि 1960 साली महाराष्ट्रात आले. वाऱ्याच्या वेगाने पळणाऱ्या आजच्या गाड्यांनाही जन्मभरात जी चार राज्ये घडत नाहीत, ती हिने कोंबड्यांखाली बसल्या बसल्या केली.

नव्या काळाविषयी त्याचे मन कडवट आहे. बी.एस.ए.चे नाव 2016 साली महिंद्रांच्या कंपनीने घेतले, नॉर्टन 2020 साली टी.व्ही.एस.ने विकत घेतली, आणि ट्रायम्फच्या नावाची गाडी बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडते, या वार्तांनी एखाद्या देशाभिमान्याची छाती फुगावी. पण आमचा गृहस्थ म्हणतो, ‘‘त्या बटन दाबलं की सुरू होतात. त्यांत काय आहे?’’ जे सुरू होते ते त्याच्या आस्थेच्या कक्षेबाहेर पडते, हे मर्म त्याच्या कुटुंबीयांना अजून उमगलेले नाही. त्यांना वाटते की तो फटफटी दुरुस्त करीत आहे. वास्तविक तो तिला दुरुस्तीपासून वाचवीत आहे.

केंद्र सरकारने 2021 साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी नोंदणीचे नवे नियम केले, तेव्हा त्याच्या चिरंजीवाने छापील प्रत आणून वडिलांपुढे ठेवली: नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक. वडिलांनी चष्मा लावून ती वाचली, आणि अशा वाहनाचा नित्य वापर रस्त्यावर करता येणार नाही, मात्र प्रदर्शन, शर्यतफेरी आणि तांत्रिक संशोधन यांस मुभा आहे, या कलमाशी येताच त्यांनी समाधानाने मान डोलावली; सरकारदरबारी इतक्या उशिरा का होईना, पण आपले तत्त्व मान्य झाले.

‘‘बाबा,’’ चिरंजीव म्हणाला, ‘‘पण यात लिहून आहे, की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे.’’

‘‘मग?’’ पलंगाखालचा श्रीखंडाचा डबा पुढे ओढीत वडील म्हणाले, ‘‘माझ्याइतकी मूळ स्वरूपातली कोणाजवळ आहे? बर्मिंगहॅमच्या कारखान्यात जोडायच्या आधी जशी होती, तश्शी आणून ठेवली आहे.’’