टेकू मोजा, श्रीमंत व्हा

भांडवल नको, दुकान नको, अनुभव तर नकोच नको. फक्त नजर हवी. नवशिक्यांना रिअल इस्टेटचं होलसेलिंग शिकवणाऱ्या वर्गांची सुरुवात अशीच होते. अमेरिकेत ही विद्या शिकणारा गाडी काढून वस्तीत हिंडतो आणि अंगणात गवत माजलेली, खिडक्यांना फळ्या ठोकलेली घरं टिपून ठेवतो. गिरगावात अंगण कुठून आणणार? म्हणून देशी आवृत्तीत टेकू आला. गॅलरीखाली टेकू दिसला की समजावं, वर गरजू माणूस राहतो. एक टेकू म्हणजे मालकाने दुरुस्ती सोडली. दोन म्हणजे भाडेकरूंनी आशा सोडली. लाकडी टेकूच्या जागी लोखंडी आला असेल, तर चपला काढा आणि लगेच वर जा. शास्त्र इथे संपत नाही. टेकूला दोरी बांधून कपडे वाळत घातले असतील तर वर भरलं कुटुंब आहे, पाच तोंडं पाच भाव सांगतील. टेकूला मंडळाचा बॅनर असेल तर चौकशीला कार्यकर्ते येतील, सरळ पुढची चाळ गाठा. आणि टेकूला नुसतीच एक छत्री अडकवलेली असेल, तर वर एकटी आजी आहे, मुलगा डोंबिवलीला, सून बोलत नाही. ही आजी म्हणजे अभ्यासक्रमातला सोन्याचा धडा.

वर गेल्यावर करायचं काय, तेही सोपं आहे. खोली पागडीची. 1947 च्या कायद्याने भाडं 1940 च्या पातळीवर गोठवलं, तेव्हापासून मालकाला भाड्यात रस उरला नाही आणि दुरुस्तीत तर मुळीच नाही. त्याचा डोळा खोली हस्तांतरित होताना मिळणाऱ्या हिश्शावर. ही पागडीची देवघेव पूर्वी गुन्हा होती, म्हणून टेबलाखालून चालायची. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 56 ने ती टेबलावर आणली. नवशिका आजीला टोकन देतो, विसार पावती करतो आणि तीत ‘मी किंवा मी नेमलेली व्यक्ती’ एवढे पाच शब्द घालतो. मग तीच पावती घेऊन गुंतवणूकदार शोधतो. मालकाची संमती आणि भाडेपावती परस्पर त्या गुंतवणूकदाराच्या नावाने होते आणि मधली रक्कम याच्या खिशात पडते. टोकन कुठून आणायचं? मावशीकडून उसनं. तेही अभ्यासक्रमात आहे.

ही मधली रक्कम आली कुठून, एवढंच वर्गात विचारायचं नसतं. विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) खाली 1940 पूर्वीची उपकरप्राप्त इमारत पुन्हा बांधली, तर निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटईक्षेत्राचं मालकीचं घर विनामूल्य मिळतं, मग आजची खोली दीडशेची का असेना. त्यासाठी 51 टक्के रहिवाशांची संमती पुरते. म्हणजे आजी विकते ती दीडशे फुटांची गळकी खोली आणि गुंतवणूकदार विकत घेतो तो तीनशे फुटांचा हक्क. या दोन भावांमधलं अंतर नवशिक्याच्या घामातून आलेलं नाही. 33(7) म्हणजे काय हे आजीला ठाऊक नाही, यातून आलं आहे. जोखमीतूनही नाही. पुनर्विकास रखडतो, बिल्डर पळतो, संक्रमण शिबिरात पिढी म्हातारी होते हे सगळं खरं, पण ते भोगायचं गुंतवणूकदाराने. हा तोवर पुढच्या टेकूखाली उभा.

दलाल तरी वेगळं काय करतो, असं कोणी म्हणेल. वेगळंच करतो. ठाकुरद्वारचा दलाल कितीही बेरका असला तरी व्यवहार किती रुपयांना झाला हे दोन्ही बाजूंना माहीत असतं आणि त्याची दलालीही. होलसेलरची सगळी कमाई मात्र एका बाजूचा भाव दुसरीला न कळण्यावर उभी आहे. रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतल्या दलालाला नोंदणी सक्तीची केली. पागडीची जुनी खोली त्या चौकटीत येत नाही आणि ‘परवाना नको’ या आश्वासनाचं गुपित तेवढंच आहे.

पण आजीने राजीखुशीने सही केली ना? केली. आणि मग शेवटचा हुकमी एक्का पडतो: मराठी मुलगा धंद्यात उतरतोय, त्याचे पाय कशाला ओढता? हे वाक्य ऐकलं की हसू आटतं. 1982 च्या गिरणी संपात ज्यांची चूल विझली, त्यांच्या वस्तीत हे शिकवलं जातं आहे. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांना आणि एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणाला द्यायचा होता. 2001 मध्ये दुरुस्ती करून ती वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती ठेवली आणि परळ-लालबागच्या डोक्यावर टॉवर उभे राहिले. चार शब्द इकडचे तिकडे केले की जमीन कशी हातची जाते, हे ज्या घरांनी सोसलं, त्याच घरांतल्या नातवाला आता पाच शब्द घालायला शिकवायचं आणि शेजारच्या खोलीतल्या आजीवर त्याचा सराव करून घ्यायचा! याला उद्योजकता म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मराठी अस्मितेला त्यात साक्षीदार म्हणून सही करायला लावू नका.

धंदा करूच नये असं कुणी म्हणत नाही. विसार पावतीत फक्त एक रकाना वाढवा: ही खोली पुढे किती रुपयांना दिली जाणार आहे. खाली आजीची सही. एवढं लिहिलं तर धंदाच उरत नाही, असं वर्गचालक सांगतात. अगदी बरोबर सांगतात.