पाच वाजल्याशिवाय काही ठरत नाही

झ्युरिक, जानेवारीअखेर

प्रिय दादा,


तुझं पत्र आणि त्यासोबतचा नकाशा, दोन्ही पोचलं. मार्चमध्ये तू आणि तुमच्या ट्रेकिंग मंडळातले आणखी दोघं येताय, याचा आम्हाला फार आनंद झाला. "स्की टूरिंगला कुठे जायचं तेवढं कळव, बाकी आम्ही बघतो" या वाक्याने मात्र थोडी काळजी वाटली. शामोनी ते झेरमाट हा अख्खा 'ओत रूट' तू लाल पेनने आखून पाठवलायस. निखिलने तो फ्रिजवर लावलाय. घरी येणारा प्रत्येक जण कौतुकाने बघतो, नकाशावाल्याला स्की कितपत येतं ते विचारतो, आणि "औलीला कोर्स केलाय" म्हटलं की चहा छान झालाय म्हणतो.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. "तिथे सगळीकडे पाळणे आहेत, मग तुम्ही पाठीवर ओझं घेऊन चालत का चढता? तिकीट फार आहे का?" तिकीट फार आहेच. आई इथे आली तेव्हा युंगफ्राउयोखला, म्हणजे 3454 मीटरवर, आगगाडीत बसून गेली होती. ती गाडी 1912 पासून धावते आहे. ज्या देशात शंभर वर्षांपूर्वीच डोंगराच्या पोटातून वर जायची सोय झाली, तिथली माणसं शनिवारी पहाटे उठून, लिफ्टकडे पाठ करून, घामाघूम होत पायी वर जातात. का, ते मलाही सुरुवातीला कळलं नव्हतं. पण तू सज्जनगडाला मोटर जाते हे माहीत असून मागच्या पायवाटेने जातोस ना? तिला तेच सांग.

चढायची रीत तुला आवडेल. बूट फक्त पुढच्या टोकाशी अडकतो, टाच मोकळी. स्कीच्या तळाला लांबलचक पट्टी चिकटवायची, तिला स्किन म्हणतात. तिचे केस एकाच दिशेने झुकलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता अंगोरा शेळीचे केस आणि नायलॉन. आईला नुसतं नायलॉन सांग. माथ्यावर पोचलं की स्किन ओढून काढायची, टाच पक्की करायची, आणि खाली. अवघड असतो तो तीव्र चढावरचा वळसा. एक स्की वळवून ठेवायची आणि मग दुसरी तिच्या शेजारी आणायची. मधल्या क्षणी एक पाय पुण्याकडे आणि दुसरा कोल्हापूरकडे तोंड करून असतो. निखिल त्या अवस्थेत बराच वेळ विचार करतो, आणि त्याच्या मागे रांग लागते.

आता "कुठे जायचं?" ते इथे आधी ठरत नाही. हिवाळ्यात दररोज संध्याकाळी पाच वाजता दावोसच्या हिमसंशोधन संस्थेचं हिमप्रपात-पत्रक निघतं, आणि सकाळी आठला सुधारून येतं. पाचच्या आधी आमच्या घरात शनिवारचा विषय काढायला बंदी आहे. पाच वाजले की मी, निखिल, सई आणि खालच्या मजल्यावरच्या आजी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती जमतो. आजींनी सत्तरी ओलांडली आहे आणि चढावर त्या आम्हाला मागे टाकतात, तेही बोलत बोलत. निखिल म्हणतो, उत्तरेकडच्या उतारावर बर्फ भुसभुशीत राहतो, तिकडे जाऊ. आजी पत्रकावर बोट ठेवतात. तिथे नेमकं लिहिलेलं असतं: धोका उत्तरेच्या उतारांवर, 2200 मीटरच्या वर, वाऱ्याने रचलेला ताजा बर्फ. मग नकाशा उघडतो. त्यात तीस अंशांहून तीव्र उतार पिवळे, पुढे नारिंगी, लाल, आणि पंचेचाळिसाच्या वर जांभळे. निखिलच्या आवडीच्या जागा बहुतेक नारिंगी असतात. आजी एकेक जागा खोडत जातात आणि सूप थंड व्हायच्या आत जे उरतं तिथे आम्ही जातो.

पुढचा परिच्छेद आईला वाचून दाखवू नकोस. खोकला आल्यासारखं कर.

धोक्याच्या पायऱ्या पाच आहेत. चार आणि पाचला शहाणी माणसं घरी बसतात. माणसं जास्त मरतात ती तीनच्या दिवशी. पाचांतला तीन म्हणजे मधलाच, चालेल, असं वाटतं. आणि त्यातून ऊन पडलेलं असतं. आत कुठेतरी साखरेसारखा सुटा थर दबलेला असतो, वर घट्ट लादी. तीव्र उतारावर एका माणसाचं वजन पडलं तरी खालचा थर मोडतो आणि अख्खी लादी सुटते. घसाऱ्यावरून दगड घरंगळतो तसं हे नाही; उभा उतारच्या उतार निघतो. ज्यांना हिमप्रपात गाठतो त्यांतल्या दहांपैकी नऊ वेळा तो त्यांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सोडवलेला असतो. या देशात सरासरी वीस-बावीस माणसं दर वर्षी यात जातात. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर आशा असते, म्हणजे हेलिकॉप्टरची वाट बघायला वेळ नसतो, सोबत्यांनीच उकरायचं. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर, जॅकेटच्या आत, संदेश सोडणारं यंत्र असतं, आणि पिशवीत फावडं आणि दुमडती लांब सळी. फावडं एकट्याला वाचवत नाही, म्हणून एकट्याने जायचं नाही. आम्ही घरामागच्या बर्फात ते यंत्र प्लास्टिकच्या डब्यात घालून पुरतो आणि शोधायचा सराव करतो. सईला ते चटकन सापडतं. निखिलला किती वेळ लागतो ते इथे लिहीत नाही, त्याने आधीच मला धमकी दिली आहे.

आता मोठ्याने वाच.

ओत रूट या खेपेला नाही. त्यात हिमनद्या आहेत, बर्फाने झाकलेल्या भेगा आहेत, दोर आणि वाटाड्या लागतो, आणि मुख्य म्हणजे पाठीवर ओझं घेऊन कसल्याही बर्फात उतरता यावं लागतं. चढायला तुम्ही तिघं इथल्या कुणालाही भारी पडाल. उतरताना भारी पडाल ते फक्त एकमेकांच्या अंगावर.

पहिले काही दिवस लिफ्टच्या आखीव उतारांवर घालवा. नाकं मुरडू नका. नंतर प्रेटिगाउ खोऱ्यातल्या सांक्ट अँटोनियनला. लांडक्वार्टला गाडी बदलायची, क्यूब्लिसला उतरून पिवळी पोस्टाची बस. शनिवारी सकाळी ती स्कीवाल्यांनी गच्च भरते आणि कुणी चकार शब्द बोलत नाही. त्या गावातली जुनी घरं बघच. डोंगराच्या बाजूला घराला लागून माती-दगडांचा उतरता भराव घातलेला असतो, आलेला हिमप्रपात छपरावरून पुढे निघून जावा म्हणून. तिथून क्र्यूत्स नावाचा 2195 मीटरचा डोंगर, साडेसातशे-आठशे मीटरचा चढ, वर गोल कुरणासारखा माथा. समोर झुल्त्सफ्लूचा चुनखडीचा कडा दिसतो. त्याच्या घळीतूनही लोक उतरतात. तुम्ही फोटो काढा.

जमलं तर पुढे यूलियर घाटातलं बिवियो. गाव 1769 मीटरवर आहे, म्हणजे बसमधून उतरलास की कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच असशील. हे मंडळातल्या लोकांना चढायच्या आधी सांगू नकोस, ते तिथेच झेंडा लावून फोटो काढतील. त्याहून आडबाजूला आव्हेर्स खोऱ्याच्या टोकाला युफ, 2126 मीटर. वर्षभर माणसं राहतात अशी ही युरोपातली सगळ्यात उंच वस्ती म्हणतात. मला स्वतःला बिवियो जास्त आवडतं. उतार उघडे, गर्दी कमी, आणि परत आल्यावर पोलेंटा गरम मिळतो.

घसरून पडायची लाज वाटू नये म्हणून एक गोष्ट. तू शाळेत भालबा केळकरांच्या अनुवादातल्या शेरलॉक होम्सची पारायणं करायचास. कॉनन डॉयलने डिसेंबर 1893 मध्ये होम्सला इथल्याच रायशेनबाख धबधब्यात ढकललं, आणि मार्च 1894 मध्ये, बायकोच्या क्षयासाठी दावोसला मुक्काम असताना, ब्रांगर नावाच्या दोन स्थानिक भावांसोबत माइनफेल्डर फुर्गा ही खिंड स्कीवरून ओलांडून तो आरोसाला गेला. एका तीव्र उतारावर त्याची स्की हातची सुटली आणि साहेब बसूनच खाली आले. फाटायची नाही अशी शिंप्याची हमी असलेली ट्वीडची विजार तिथे धारातीर्थी पडली. आरोसाच्या हॉटेलात एका ब्रांगरने नोंदवहीत त्याचा व्यवसाय 'खेळाडू' लिहिला. तुम्ही तिघं बसून उतरलात तरी परंपरा मोठी आहे, पण विजार चांगली आणा.

डोंगरावरच्या झोपडीत एक रात्र काढू. स्विस आल्पाइन क्लब 1863 पासून अशा झोपड्या चालवतोय, नियमही तेव्हापासून मुरलेले. जेवण साडेसहाला म्हणजे साडेसहाला. झोपायला सलग फळी, शेजारी कोण येईल ते नशीब. पिण्याच्या पाण्याला पैसे. त्यावरून वाद घालू नकोस, वर नळ गोठलेले असतात. मार्चमध्ये उन्हाने बर्फ दुपारी ढिला होतो, म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत खाली यायचं असतं. तुझी "अजून एक डोंगर करू" ही सवय साताऱ्यातच ठेवून ये.

येताना कंदी पेढे आण, आजींनी मागच्या वेळचा डबा चाटूनपुसून रिकामा केलाय. चिक्की आणू नकोस, थंडीत दगड होते आणि इथे दंतवैद्य परवडत नाही. बुटांसाठी तिघांच्या पावलांची लांबी सेंटिमीटरमध्ये लागेल: टाच भिंतीला टेकवून, अंगठ्याच्या टोकापर्यंत, दोन्ही पायांची. मोजे घालून मोजू नका. येत्या रविवारपर्यंत कळव, मार्चमध्ये भाड्याचे बूट लवकर संपतात.

आईला, वहिनीला सा. न. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मनू

ता. क. पाच वाजत आले. आजी जिन्यात आहेत.