वाणाची वडी

आमच्या न्हाणीघरात साबण कधी संपत नाही, कारण सासूबाई तो संपू देत नाहीत. वडी झिजून पापडाएवढी झाली की त्या ती कपची ओली करतात, नव्या वडीच्या पाठीवर ठेवतात आणि अंगठ्यानं दाबतात. दुसऱ्या दिवशी हिरव्या वडीवर गुलाबी कपची घट्ट बसलेली असते. लग्न होऊन अकोल्याच्या जठारपेठेत आले तेव्हा मला त्या दुरंगी साबणाची फार लाज वाटायची. पाहुणे येणार म्हटलं की मी कपची उचकटून टाकायची आणि पाहुणे गेले की ती पुन्हा जागेवर दिसायची. कुठून यायची, ते मी विचारलं नाही.

एकदा भिशीत एकीनं बारशात मिळालेली साबणाची वडी दाखवली. वडी पांढरीशुभ्र होती आणि तिच्या पोटात काचेसारखा लाल तारा होता. आमच्याकडे वडी म्हटलं की सांबारवडी, तिच्या पोटातही सारण असतं, पण ते असं चमकत नाही. मी त्याच दिवशी ठरवून टाकलं, येत्या संक्रांतीला वाण म्हणून घरी केलेल्या साबणाच्या वड्या द्यायच्या आणि पोटात ताऱ्याऐवजी पतंग ठेवायची. तेव्हा मे महिना चालू होता. संक्रांतीचं वाण मे महिन्यात ठरवणारी आमच्या भिशीत मी पहिलीच.

घरी साबण करायच्या चार रीती आहेत. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून घोटायचं आणि साच्यात ओतून चार ते सहा आठवडे मुरवायचं, ही थंड रीत. तेच मिश्रण मंद आचेवर दोनेक तास शिजवायचं, ही गरम. ग्लिसरीनचा तयार साबण वितळवून, रंग घालून ओतायचा, ही तिसरी. आणि आधीच्या तिन्हींत जे बिघडेल ते किसून, पाण्याचा हबका मारून पुन्हा शिजवायचं, ही चौथी. शहाणी बाई यातली एक शिकते. मी चारही एकाच साच्यात नांदवायला निघाले.

कॉस्टिक सोडा हा कडक स्वभावाचा पाहुणा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात कधीच नाही, हे मी पाठ केलं होतं. हातमोजे घातले, डोळ्यांवर चष्मा चढवला, खिडक्या उघडल्या. फक्त भांड्याची चौकशी करायची राहिली. जर्मनच्या गंजात द्रावण पडलं मात्र, गंज चुरचुरायला लागला, बुडबुडे उठले, आतून काळा पडत गेला. दारातूनच ह्यांनी माहिती पुरवली, “अ‍ॅल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की हायड्रोजन निघतो. शाळेत होतं हे.” ही माहिती अर्धा तास आधी कामाची होती. सासूबाई मागून वाकून पाहत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “माह्या मायच्या घरचा गंज होता थो.”

पुढचे सगळे प्रयोग स्टीलच्या गंजात झाले. ३०० ग्रॅम खोबरेल, १५० सरकीचं तेल, ५० एरंडेल. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी. खोबरेल सगळ्यांत खादाड. हिशेबानं ८२ ग्रॅम सोडा लागत होता, पण कातडीला थोडं तेल उरावं म्हणून पाच टक्के कमी करून ७८ घेतला. सरकीचं तेल मी अभिमानानं घातलं. अकोल्याची सरकीची ढेप वायदेबाजारात नाव कमावून बसलेली, आणि सरकीचं कच्चं तेल शुद्ध करतानाही कॉस्टिकच वापरतात, त्यातून उरलेल्या गाळाचा पुढे कपड्यांचा साबण होतो. म्हणजे सरकी आणि साबण यांची सोयरीक जुनीच, मी फक्त अक्षता टाकत होते.

थंड रीतीत तेल साधारण ४० अंशांवर आणायचं असतं. त्यासाठी ते मंद आचेवर ठेवा, असं सांगतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर गेलेला असतो, त्यामुळे आमचं तेल डब्यातच नको तेवढं तयार होतं. मला ते थंड करावं लागलं. थंड रीत हे नाव कोणत्या गावात पडलं असेल ते असो, अकोल्यात नक्की पडलेलं नाही.

मिश्रण घोटत राहायचं. पळीतून सोडलेली धार क्षणभर वर रेघ ठेवून मग बुडाली, की ओतायचं. पिठल्याला आपण हेच पाहतो. इथवर सगळं जमलं. साच्यात ओतलं, आत ग्लिसरीनच्या लाल-निळ्या पतंगा उभ्या केल्या. मग थंड देशांतल्या बायका साचा गुंडाळून ठेवतात हे आठवून मीही वरून गोधडी घातली. साबणाला जमताना आतून स्वतःचाच ताप चढतो आणि ग्लिसरीनच्या साबणाला वितळायला साठेक अंश पुरतात. एवढ्यावर अकोल्याचा मे आणि गोधडी! सकाळी वड्या पाडल्या तर पतंगांच्या जागी जांभळे डाग. ह्यांनी गच्चीवरच्या पोरांसारखी आरोळी ठोकली, “ओ काऽऽट!”

दुसऱ्या खेपेला साचा फ्रिजमध्ये ठेवला. पतंगा वाचल्या, पण चार दिवस दह्याला मोगऱ्याचा वास येत होता.

तिसऱ्या खेपेला पतंगा आत न ठेवता घट्ट झालेल्या साबणावर ग्लिसरीनचा रंगीत थर ओतला. काय दिसत होता! सुरी लावली आणि दोन्ही थर सुटे झाले, एका घरात राहून अबोला धरलेल्या जावांसारखे. खालच्या थरावर काट्यानं ओरखडे काढायचे, स्पिरिट शिंपडायचं आणि मग वरचा ओतायचा, हे मला नंतर कळलं. सासूबाईंना आधीच ठाऊक होतं. “दोन्हीले ओलं केल्याबिगर चिकटत नसते,” त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. मी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही.

आषाढात नवीनच प्रकार झाला. वड्यांना घाम फुटला. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. बशीतल्या वड्यांवर टपोरे थेंब पाहून ह्यांनी पंखा वाढवला आणि वड्यांना विचारलं, “आता बरं वाटतं का?”

दिवाळीनंतर गारवा आला आणि सगळी मंडळी एकदम वठणीवर आली. बिघडलेल्या सगळ्या वड्या किसून शिजवल्या. पतंगांचे डाग एकत्र येऊन गडद तपकिरी रंग झाला होता, तो तळाला दाबून भरला. वर थंड रीतीचा पांढरा साबण ओतला आणि त्यात पतंगा रोवल्या. सगळ्यांत वर गरम रीतीचा शिजवलेला साबण चमच्यानं खडबडीत थापला. वडी कापली तर खाली वऱ्हाडाची काळी माती, वर कापूस, त्यात उडती पतंग. मी स्वतःवरच खूश झाले. सासूबाईंनी वडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि नखानं टोकरून पाहिली.

“याले फेस येते का?”

“भरपूर येतो, आई.”

“हितं येईनच. हितलं पानी महानच्या धरनाचं. माह्या गावच्या पान्यात आला, तं मानीन.”

सासूबाईंचं माहेर पूर्णेकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबण फुटून नुसता चिकट साका धरतो. त्या अख्खं बालपण अंगाला साका फासून वाढल्या आहेत. पतंग दाखवून त्यांची समजूत पटणार नव्हती.

संक्रांतीला एकवीस वड्या वाणात गेल्या. एकवीस जणींनी एकच वाक्य म्हटलं, “किती सुंदर! वापरवतच नाही.” मला ती स्तुती वाटली. पुढच्या वर्षी कळलं की ती पूर्वसूचना होती. त्या संक्रांतीला मागच्या गल्लीतल्या हळदीकुंकवात मला वाणात एक पुडी मिळाली. घरी येऊन सोडली तर आत शेपटी तुटलेली पतंग, तीच जी साच्यातून काढताना माझ्याच हातानं तुटली होती. ब्लाउजपीस घरोघर हिंडून मूळच्या कपाटात परत येतो, हे आपण सगळ्याच जाणतो. साबणालाही हा मार्ग खुला असेल, असं वाटलं नव्हतं. वरचा कागद मात्र नवा होता.

वजन करून पाहिलं. वडी हलकी झाली होती आणि दगडासारखी टणक. आतलं पाणी उडून जातं तसा साबण कठीण आणि टिकाऊ होत जातो. मी सहा आठवडे म्हटलं होतं, जठारपेठेनं तिला चौदा महिने मुरवलं होतं.

सासूबाईंनी ती वडी शांतपणे उचलली आणि भाच्याच्या लग्नाला गावी घेऊन गेल्या. आठ दिवसांनी परत आल्या. पिशवीतून चिवडा निघाला, तुरीच्या शेंगा निघाल्या आणि सगळ्यांत शेवटी पेपरात गुंडाळलेली एक पातळ कपची निघाली. एका कडेला तपकिरी, मधे पांढरी, कोपऱ्यात लाल ठिपका.

“आला फेस,” त्या म्हणाल्या. “भावजय इचारत होती, कोन्या दुकानातून आनला.”

ते श्रेय खोबरेलाचं. त्याचा साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो, म्हणून समुद्रावरचे खलाशीसुद्धा तोच वापरत. हे मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्या न्हाणीघरात पोचल्या होत्या. कपची ओली केली, दुकानातली हिरवी वडी ओली केली, एकीवर एक ठेवली, अंगठ्यानं दाबली.

“उद्यापर्यंत हात लावू नोको.”

मला मात्र संध्याकाळी हात लावावाच लागला. पाहुणे येणार होते. मी न्हाणीघरात गेले आणि कपची नीट बसली आहे ना, हे पाहायला ती अंगठ्यानं आणखी एकदा दाबली.